लोकरीच्या कारखान्याचा किल्ला

समजा, तुमच्या हातात फक्त चार दिवस आहेत आणि तेवढ्यात एक किल्ला उभा करायचाय. दिवाळीत अंगणात करतो तो नव्हे, खराखुरा. शत्रू मागून चालत येतोय. चिरे काढायला वेळ नाही, चुना मळायला वेळ नाही, गवंडी तर नाहीतच. काय कराल?

१९१५ सालच्या डिसेंबरात हा प्रश्न काही सैनिकांपुढे अगदी असाच येऊन उभा राहिला. ठिकाण होतं आजच्या इराकमधलं, टायग्रिस नदीच्या काठचं कुट नावाचं गाव. सैनिकांमध्ये मराठा पलटणींचे जवान होते, आणि या पलटणींची भरती घाटावरून तशीच आपल्या कोकणातूनही होत असे. त्यांनी नवा किल्ला बांधलाच नाही. नदीच्या पलीकडच्या काठावर लोकर दाबून गठ्ठे बांधायचा एक कारखाना होता, त्यालाच त्यांनी किल्ला करून टाकलं!

ही गोष्ट नीट कळायला आपण आधी चिपळुणातच एक चक्कर मारू. चला गोवळकोटच्या किल्ल्यावर.

करंजेश्वरीच्या देवळाकडून गडावर चढलात की खाली वाशिष्ठी नदी दिसते. कशी वाहते ते बघा. गडाच्या टेकडीला ती तीन बाजूंनी वळसा घालते. चौथ्या बाजूला पूर्वी खंदक होता, तो आता बुजलाय. म्हणजे किल्ला बांधणाऱ्याचं तीन चतुर्थांश काम नदीनेच करून ठेवलं होतं. हा किल्ला बराच काळ जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता. अठराव्या शतकात तो तुळाजी आंग्र्यांनी घेतला आणि त्याला गोविंदगड असं नाव दिलं. दाभोळच्या खाडीतून भरतीबरोबर गलबतं थेट इथवर यायची, तेव्हा गड ज्याच्या हातात, त्याच्या हातात चिपळूणचा सगळा व्यापार.

पण पाण्याचा अडथळा इतका मोठा कसा? वाशिष्ठी काही समुद्र नाही, पोहणारा माणूस ती ओलांडतो. खरंय. पण लढणारा माणूस पोहत नसतो. त्याला बंदूक कोरडी ठेवायची असते, पाठीवर ओझं असतं, आणि मुख्य म्हणजे पाण्यात लपायला एक झुडूपसुद्धा नसतं. जमिनीवर जे अंतर तो धावत, पडत, बांधाआड दडत पार करतो, तेच पाण्यात संथपणे, उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर काटावं लागतं.

आता कुटचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. गंमत बघा, तिथेही तसंच! टायग्रिस नदीने मोठं वळण घेतलंय आणि त्या वळणाच्या पोटात कुट वसलंय. तीन बाजूंना पाणी, एका बाजूला जमीन. गावासमोर, पलीकडच्या काठावर, टायग्रिसमधून एक फाटा फुटून दक्षिणेकडे जातो. त्याचं नाव शत्त-अल-हाई, हल्ली त्याला घर्राफ म्हणतात. हा फाटा म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका सुमेरियन राजाने काढलेला कालवाच असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. लोकरीचा कारखाना होता तो या फाट्याच्या तोंडाजवळ. नदी आणि कालवा दोन्हींवर नजर ठेवणारी जागा!

पहिलं महायुद्ध चालू होतं. हिंदुस्थानावर इंग्रजांचं राज्य होतं आणि त्यांची लढाई तुर्कांशी होती. मेजर जनरल टाऊनशेंड यांच्या हाताखालचं सैन्य 'पूना डिव्हिजन' म्हणून ओळखलं जाई. हो, आपलं पुणं! या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या आकड्यांच्या मराठा पलटणी होत्या. हे सैन्य बगदादच्या दिशेने पुढे गेलं, टेसिफॉनच्या लढाईत फार माणसं गमावून मागे वळलं आणि ३ डिसेंबरला दमूनभागून कुटला पोहोचलं. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. ते हे चार दिवस.

कारखान्यात आणि त्याच्या भोवतालच्या लहानशा वस्तीत दोन पलटणी ठेवल्या गेल्या: ११०वी मराठा आणि १२०वी राजपुताना. या जागेला इंग्रज 'वूलप्रेस व्हिलेज' म्हणत. काही जण ज्येष्ठमधाचा कारखानाही म्हणत, कारण लोकरीबरोबर तिथे ज्येष्ठमधाच्या मुळ्यांचंही काम चाले. खोकला झाला की आजी चघळायला देते ना, तेच ज्येष्ठमध. टायग्रिसच्या काठाने ते रानोमाळ उगवतं.

तुम्ही विचाराल, नदीपलीकडची एक इमारत धरून ठेवायची एवढी काय गरज होती? सगळे कुटमध्येच राहिले असते तर? मग तुर्कांनी त्याच कारखान्यात बंदुका लावल्या असत्या. कुटच्या लोकांना पाणी कुठून मिळायचं? नदीतून. पखाल घेऊन नदीवर उतरणाऱ्या भिश्त्यांवर पलीकडचे लपलेले नेमबाज तसेही गोळ्या झाडतच होते. कारखाना त्यांच्या हातात गेला असता तर अगदी समोरून, पक्क्या भिंतीआडून नेम धरता आला असता. उलट तो आपल्या हातात असला की दोन्ही काठांवरून एकाच पाण्यावर मारा करता येतो. अलीकडून चुकवलेली होडी पलीकडच्यांच्या टप्प्यात सापडते. गोवळकोटच्या गडावर एक मित्र आणि समोरच्या काठावर दुसरा मित्र उभा करा, मधून जाणारी एकही होडी दोघांची नजर चुकवून जाते का ते बघा.

साध्या इमारतीचा किल्ला करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते आता सांगते. यात विज्ञान आहे, आणि त्यातला थोडा भाग तुम्ही घरी करून बघू शकता.

पहिली गोष्ट भिंत. गोदामं, गिरण्या, कारखाने यांच्या भिंती जाड असतात, कारण त्यांना वजन पेलायचं असतं. आपल्याकडे चिऱ्याची घरं असतात, इराकमध्ये विटांची आणि मातीची. मातीची भिंत कमकुवत वाटते ना? पण बंदुकीच्या गोळीपुढे जाड माती फार कामाची. याचा एक प्रयोग करा. गोटी खांद्याच्या उंचीवरून फरशीवर टाका. टण्णकन उडेल. आता तीच गोटी तेवढ्याच उंचीवरून कोरड्या वाळूने भरलेल्या बादलीत टाका. धप्प! जागेवर बसेल. तिच्यातली ऊर्जा कुठे गेली? वाळूचे हजारो कण बाजूला सरकवण्यात आणि एकमेकांवर घासण्यात ती खर्च झाली. वाळूच्या पोत्यांचं गुपित हेच. गोळी एका पोत्यातल्या असंख्य कणांशी झुंजत झुंजत थकते.

याहून आश्चर्याची गोष्ट सांगू? अगदी जवळून झाडलेली रायफलची गोळी कोरड्या वाळूत कित्येकदा कमी आत शिरते, आणि थोड्या लांबून आलेली जास्त! उलटं वाटतं, हो ना? पण जवळून येणारी गोळी इतकी वेगात असते की वाळूवर आदळताच ती वाकते, फुटते, आडवी होते, आणि आडव्या गोळीला वाळू जास्त विरोध करते. लांबून आलेली गोळी थोडी मंदावलेली असते, म्हणून ती सरळ राहते आणि खोल जाते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटेना.

तोफेचा गोळा मात्र वेगळा. तो भिंतच उडवतो. म्हणून शहाणे सैनिक इमारतीच्या आत सगळे कोंबून बसत नाहीत. ते भोवती खंदक खणतात, तारांचं कुंपण घालतात, आणि इमारतीला आपला कणा म्हणून वापरतात. वूलप्रेसच्या भोवतीही असेच चर खणले होते.

दुसरी गोष्ट भोकं. भिंतीने आपण सुरक्षित झालो, पण बाहेर दिसणार कसं? इथे आपल्या गडांवरच्या जंग्या आठवा. तटात बंदुकीसाठी ठेवलेल्या त्या फटी. जंगीपाशी गेलात तर एकदा वाकून नीट बघा. ती आतून रुंद आणि बाहेरून अरुंद असते, आणि बरेचदा खाली उतरती. का बरं? एका जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या, त्यात बोटभर रुंद आणि वीतभर उंच फट कापा. पुठ्ठा डोळ्याला लावा. काय दिसतं? जवळजवळ सगळी खोली! आता मित्राला पुठ्ठा घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा आणि त्याचा डोळा शोधा. फट एवढीशी दिसते, डोळा तर सापडतच नाही. आतल्याचा डोळा फटीच्या जवळ असतो म्हणून त्याला मोठा कोन मिळतो. बाहेरचा लांब असतो म्हणून त्याच्यासाठी तीच फट रेघेएवढी होते. भिंत तीच आणि भोकही तेच, पण आतल्याला जग दिसतं आणि बाहेरच्याला भिंत. साध्या घराच्या भिंतीला पहारीने पाडलेलं भोक आणि रायगडावरची जंगी, दोन्हींचं भूमितीशास्त्र एकच.

तिसरी गोष्ट रस्ता. शेजारशेजारच्या घरांच्या सामाईक भिंती फोडून आतल्या आत वाट करतात, म्हणजे गल्लीत पाऊल न टाकता या टोकाहून त्या टोकाला जाता येतं. वूलप्रेसला मात्र सगळ्यात अवघड रस्ता होता तो पाण्यावरचा. मुख्य सैन्य नदीच्या त्या बाजूला, हे या बाजूला. दिवसा होडी दिसली की गोळी आलीच. त्यामुळे धान्य, काडतुसं, जखमी माणसं, सगळ्यांची ने-आण रात्रीच्या अंधारात होई.

आणि मग नदीच उठली. मार्चमध्ये उत्तरेकडच्या डोंगरांतला बर्फ वितळतो आणि टायग्रिस फुगते. चर पाण्याने भरले. आपल्या आणि तुर्कांच्या, दोघांच्याही. दोन्हीकडच्या लोकांना आपापले चर सोडून मागे सरकावं लागलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, दुकानंच्या दुकानं बुडाली, तेव्हा पाणी काय करू शकतं हे चिपळूणच्या मुलांनी पाहिलंय. जे पाणी काल तटबंदी होतं तेच आज घरात शिरतं. नदीच्या भरवशावर किल्ला करणाऱ्याला हे कायम लक्षात ठेवावं लागतं.

वेढा किती दिवस चालला असेल? जवळजवळ पाच महिने! धान्य संपत आलं. घोड्यांचं मांस खायची वेळ आली, आणि अनेक हिंदी जवानांनी ते खायला बराच काळ नकार दिला. धान्य होतं तर दळायला जाती नव्हती, म्हणून विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले! शेवटी शेवटी पिठाची पोतीही विमानातूनच टाकत. वेढ्यात अडकलेल्या सैन्याला आकाशातून अन्न पुरवायचा जगातला हा जवळपास पहिलाच प्रयत्न. पण तेव्हाची विमानं लहानखुरी. हजारो माणसांचं पोट त्यांनी कसं भरणार?

२४ एप्रिल १९१६ च्या रात्री आणखी एक साधी वस्तू किल्ला होऊन निघाली. तिचं नाव 'जुलनार'. ही होती नदीत चालणारी आगबोट. गोवळकोटहून दाभोळला आणि दाभोळहून मुंबईला बोटीने गेलेल्या पणजोबांच्या गोष्टी तुमच्या घरात असतील, तशीच ही. तिच्या अंगाला पोलादी पत्रे ठोकले, पोती रचली, आत २७० टन धान्य आणि सामान भरलं, आणि अंधारात ती कुटकडे निघाली. दोन्ही काठांवरून गोळ्यांचा पाऊस पडत होता तरी ती पुढे पुढे येत राहिली. कुट अगदी काही मैलांवर आलं, आणि तिथे तुर्कांनी नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड पोलादी दोर ताणून ठेवला होता. जुलनार त्यात अडकली. इतक्या तोफा-बंदुकांना न जुमानणारी बोट एका दोराने थांबवली! पाच दिवसांनी, २९ एप्रिलला, कुटने शरणागती पत्करली.

वूलप्रेस मात्र तुर्कांना लढून घेता आलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत ते ११०व्या मराठा आणि १२०व्या राजपुताना पलटणींच्याच हातात होतं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, आणि फार वाईटही वाटतं. कारण जे सुमारे तेरा हजार लोक कैद झाले, त्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेलं गेलं, आणि त्यातले हजारो पुन्हा कधीच घरी आले नाहीत.

हीच युक्ती बघायला आता थोडं इंग्लंडला जाऊ. दुसऱ्या महायुद्धात, १९४० सालच्या उन्हाळ्यात, जर्मन सैन्य समुद्र ओलांडून येणार अशी तिथे सगळ्यांना धास्ती होती. जनरल आयर्नसाइड यांनी ठरवलं की देशातले कालवे आणि नद्या हेच खंदक समजायचे. रेडिंगपासून ब्रिस्टलच्या दिशेने केनेट आणि एव्हन नावाचा कालवा जातो. आधी तिथून कोळसा आणि धान्य वाहणाऱ्या नावा जात. रणगाड्याला असा कालवा फार अवघड, कारण काठ उभा, तळाला चिखल, आणि पूल तर सुरुंगाने उडवायला तयार ठेवलेले. काठाने काँक्रीटच्या लहान लहान बुटक्या चौक्या बांधल्या, बऱ्याचशा षटकोनी, म्हणजे सगळ्या दिशांना बंदूक वळवता यावी. भिंत कुठे ३० सेंटीमीटर, तर कुठे एक मीटरपर्यंत जाड. कुठे कोठारांच्या आणि गिरण्यांच्या भिंतींनाच भोकं पाडली. आणि त्या चौक्या लपवायच्या कशा? सॉमरसेट भागात हे काम दिलं कोणाला, माहितीये? ऑलिव्हर मेसेल नावाच्या नाटकाच्या नेपथ्यकाराला! त्याने चौक्यांना गवताच्या गंजी केलं, पडके वाडे केलं, रस्त्याकडेची चहाची दुकानं केलं. जर्मन आलेच नाहीत. त्या चौक्यांपैकी कितीतरी आजही काठावर उभ्या आहेत, आणि काहींमध्ये मुद्दाम वटवाघळांसाठी घरं केली आहेत. अंधार, गारवा आणि जाड भिंती, वटवाघळांना आणखी काय हवं!

इटलीत १९४५ साली आपल्या जवानांपुढे उलटा प्रश्न आला. तिथे सेनियो नदीचे दोन्ही काठ पुराच्या भीतीने मातीचे उंच बांध घालून बांधलेले होते, अगदी कालव्यासारखे. शेतकऱ्यांनी शेतं वाचवायला घातलेले ते बांध जर्मनांनी आतून पोखरले आणि त्यात मशिनगनी लावल्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिलला त्या बांधावर होते. आपल्या जखमी साथीदारांना त्यांनी खोल पाण्यातून आणि सुरुंगांमधून उचलून मागे आणलं, मग एकट्याने परत जाऊन तीन मशिनगनी बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

साध्या गोष्टींचं युद्धात काय होतं ते पाहिलं. युद्धातल्या गोष्टींचं शांततेत काय होतं? गोवळकोटच्या धक्क्यावर तोफा जमिनीत उभ्या गाडल्या होत्या आणि होड्या बांधायला त्यांचे खुंटे केले होते! कोण्या हुशार माणसाला सुचलं असेल ते? लोखंड जाड आणि हलवायला जड. पुढे दुर्गप्रेमींनी तोफा काढून पुन्हा गडावर नेल्या. तिकडे कुटलाही टायग्रिसवर १९३९ साली मोठा बंधारा पुरा झाला. त्याच्या दरवाजांनी पाणी अडवून त्या जुन्या घर्राफ फाट्यात सोडतात, आणि त्यावर शेती होते.

आता तुमच्यासाठी एक काम. मराठा पलटणींचे आकडे लिहून घ्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. रत्नागिरी जिल्ह्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले लोक पुष्कळ होते, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीवर किंवा देवळाजवळ एक पांढरी संगमरवरी पाटी असते. या गावातून किती माणसं महायुद्धावर गेली आणि त्यातली किती कामी आली, एवढंच तिच्यावर कोरलेलं असतं. नावं नसतात. नावं सापडतात ती पदकांवर. तुमच्या किंवा शेजारच्या घरात जुन्या पेटीत राजाचं चित्र असलेलं चांदीचं गोल पदक असेल, तर मोठ्यांना विचारून ते हातात घ्या. चित्राकडे नंतर बघा, आधी कड बघा. त्याची कड सपाट असते आणि तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. झिजलेली असतील तर भिंग घ्या आणि उजेड एका बाजूने पडू द्या, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली धरते आणि ती वाचता येतात. पदक घासून चकचकीत करू नका, त्याने अक्षरं आणखी झिजतात. आणि त्यावर ११० हा आकडा निघाला, तर आम्हाला पत्र पाठवून नक्की कळवा.